आईचे ठोकेही परिचारिकेला ऐकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, वर्तमानपत्रांत आमचे फोटो येतात. गणवेश, हातात पेटती मेणबत्ती आणि बहुतेकींच्या गळ्यात स्टेथोस्कोप. त्या स्टेथोस्कोपाबद्दलच मला लिहायचे आहे. मी नागपुरात परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवते. रुग्णाचे हृदय कसे ऐकायचे हे त्यांच्या अभ्यासक्रमात आहे, त्या ते वाचतात, परीक्षेत लिहितात. वॉर्डात आल्यावर मात्र टीपीआर (ताप, नाडी आणि श्वास मोजणे), बीपी, इंजेक्शने आणि नोंदी यांतच दिवस जातो आणि स्टेथोस्कोप कोपरापलीकडे सरकतच नाही.

यातली विसंगती बघा. गावच्या उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे तिथली नर्सबाई, फीटोस्कोप लावून गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकते, ते मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान आहेत ना ते पाहते, कार्डावर लिहिते. त्या नोंदीवर डॉक्टरही विसंबतात. पण त्याच बाईच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून तिचे स्वतःचे हृदय ऐकणे हे काही आपले काम नाही, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे.

हे महागात पडू शकते. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या रुमॅटिक तापाने ज्यांच्या हृदयातली मायट्रल झडप अरुंद झालेली असते, अशा कित्येक बायकांना त्याचा पत्ताच नसतो. गरोदरपणात शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, ठोके जलद होतात, आणि इतकी वर्षे कसेबसे निभावून नेलेल्या झडपेला तो भार पेलत नाही. मग दम लागतो. आणि दम लागला की घरचे काय म्हणतात? आमच्या एका वॉर्डात भंडाऱ्याकडच्या एका सुनेची सासू म्हणाली, ‘पोटुशीले दम लागतेच न बाई!’ खरेच आहे, पुष्कळ जणींना लागतो. पण ही बाई रात्री आडवी होऊ शकत नव्हती, उशीला टेकून बसून झोपत होती. माझ्या एका विद्यार्थिनीने तिला डाव्या कुशीवर वळवले, स्टेथोस्कोपाची घंटेची बाजू स्तनाखाली अगदी हलकी टेकवली, दुसऱ्या हाताची बोटे मानेच्या नाडीवर ठेवली आणि बराच वेळ ऐकून म्हणाली, ‘मॅडम, लब-डबमधल्या डबच्या नंतर काहीतरी गुरगुरतंय.’ डॉक्टरांना बोलावले, त्यांनी ऐकले, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. झडप अरुंद निघाली. पुढचे सगळे बाळंतपण हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुखरूप पार पडले.

ही काही दैवी देणगी नव्हे. हे शिकवता येते, आणि कसे शिकवायचे तेही ठाऊक आहे. पहिला आवाज, लब, मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा. दुसरा, डब, महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या झडपा मिटल्याचा. मिनिटाला सत्तर ठोके असतील तर लब ते डब हे अंतर लहान आणि डब ते पुढचा लब हे मोठे, त्यामुळे ओळख पटते. पण तापात किंवा धडधडीत ठोके शंभरच्या वर गेले की मोठे अंतर आखडते आणि कोणता आवाज कोणता ते कळेनासे होते. म्हणून बोटे मानेवर हवीत: नाडीच्या ठोक्याबरोबर येतो तो लब. मग एका वेळी एकच गोष्ट ऐकायची. आधी फक्त लब, मग फक्त डब, मग त्यांच्यामधली शांतता, मग डबनंतरची शांतता. सगळे एकदम ऐकायला गेलेली मुलगी काहीच ऐकत नाही. चपटी बाजू दाबून धरली की चढे आवाज स्पष्ट येतात, घंटेची बाजू हलकी टेकवली की खालचे. ती दाबली तर हृदय थकत चालल्याचा, घोड्याच्या टापांसारखी लय धरणारा तिसरा आवाज हातचा जातो. गरोदरपणात किंवा तरुण वयात हाच तिसरा आवाज एरवी निरोगी माणसातही येऊ शकतो, आणि तेवढे तारतम्य निरोगी माणसे भरपूर ऐकल्याशिवाय येत नाही.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीवर टेकवली, कारण थेट कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. आपल्याकडे हा संकोच आजही आहे. पुरुष डॉक्टरांसमोर पदर न सरकवणाऱ्या बाईची छाती पुष्कळदा साडी-ब्लाउजवरूनच तपासली जाते, आणि कानात येते ती कापडाची खसखस. सिस्टरपुढे ती मोकळी होते. हृदय नीट ऐकण्याची सर्वांत चांगली संधी ज्यांच्या हाती आहे, त्यांनाच आपण तयार करत नाही.

‘मग रोगाचे निदान नर्स करणार का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नाही. काल नव्हते ते आज ऐकू येते आहे, एवढे तिने ओळखावे आणि लगेच सांगावे. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णाचा टकटक आवाज दबका झाला तर झडपेवर गुठळी धरल्याची शंका घ्यावी लागते. हा फरक रोज जवळ असणाऱ्या माणसाइतका चटकन दुसऱ्या कोणाला कळेल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी होते, तिच्या यादीत जन्मजात हृदयविकार आणि रुमॅटिक हृदयविकार दोन्ही आहेत. त्या पथकातही नर्स असते. रुमॅटिक तापाच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन टोचतेही तीच.

विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा-बालाघाटाकडूनही रुग्ण नागपुरातल्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांची वाट धरतात. शिकण्यासारखे इतके रुग्ण एका शहरात फार थोड्या ठिकाणी असतील. म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. राउंडमध्ये एखादी मरमर, म्हणजे ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, सापडली की डॉक्टरांनी रुग्णाची परवानगी घेऊन जवळच्या विद्यार्थिनीलाही हाक मारावी: ‘सिस्टर, या, हे ऐका.’ आणि अधिसेविकांनी विद्यार्थिनींच्या वॉर्ड ड्युटीत रोज थोडा वेळ फक्त यासाठी राखून द्यावा. उन्हाळ्यात त्या वेळापुरता जवळचा कूलर बंद ठेवावा लागेल. त्या घरघरीत मंद मरमर कोणालाच ऐकू यायची नाही. नागपूरच्या मे महिन्यात हे मागणे मोठे आहे, मला कल्पना आहे. पण मी रुग्णांना विचारून पाहिले आहे, आणि कशासाठी ते सांगितल्यावर कोणी नाही म्हटलेले नाही.

आपली,
एक पाठ्यनिदेशिका, नागपूर