'पेट-फ्रेंडली' केबिनमध्ये कुत्रीला रात्री बर्फात बांधायला सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : शोजा (जि. कुल्लू, हिमाचल प्रदेश) येथील 'पेट-फ्रेंडली' केबिन व ट्रेक पॅकेजमधील गंभीर त्रुटी, पैशांचा परतावा आणि जाहिरातीत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

नोव्हेंबरअखेरीस आम्ही पतीपत्नी आणि आमची कुत्री तांबी, असे तिघे आपल्या पॅकेजवर शोजाला गेलो होतो. लाकडी केबिनमधला मुक्काम आणि दोन ट्रेक असे ते पॅकेज होते. तांबी देशी आहे, आखूड केसांची, आता वयाकडे झुकलेली. तिच्यासाठी आपण वेगळे ३,००० रुपये घेतलेत, लसीकरणाचे दाखले मागवलेत आणि पावतीवर तिची नोंदही केलीत. असे असूनही केबिनच्या दारात रखवालदाराने सांगितले की कुत्रा आत येणार नाही, मालकांची सक्त ताकीद आहे, मागे सरपणाच्या पडवीत बांधा. तेव्हा अंधार पडला होता आणि बर्फ पडत होता.

मी दारातूनच आपल्या कार्यालयाला फोन केला. "मॅडम, पेट-फ्रेंडली म्हणजे आवारात परवानगी. खोलीत घेऊ असं आम्ही कुठे लिहिलंय?" असे उत्तर मिळाले. महोदय, आपण लिहिले आहे. बुकिंग करण्याआधी मी ईमेलवर सरळ विचारले होते, "कुत्री रात्री आमच्याबरोबर खोलीत झोपेल ना?" त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर होते, "हो, नक्कीच." तो ईमेल सोबत जोडला आहे. आपल्या जाहिरातीतल्या फोटोतही कुत्रा गालिच्यावर, शेगडीच्या उबेत झोपलेला आहे. सरपणाची पडवी त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

त्या एका उत्तराच्या भरवशावर आम्ही निघालो. रेल्वेने कुत्र्याला सोबत न्यायचे तर प्रथम वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर असावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंडून न्यावे लागते. आम्ही कूपे घेतला, पार्सल ऑफिसात तांबीचे रीतसर बुकिंग केले, पुढे चंडीगडहून तिला बसू देणारी टॅक्सी शोधली. वाटेत कुणीही आम्हाला फसवले नाही. आपल्याच केबिनच्या दारात मात्र आम्ही अडलो.

'कुत्राच तो, एक रात्र बाहेर काढेल' असे आपल्याकडे कुणाला वाटत असेल, तर त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. शोजा सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. डोंगरातल्या कुत्र्यांच्या अंगावर असतो तसा दाट लोकरीचा थर आपल्या देशी कुत्र्यांना नसतो. शिवाय त्या सगळ्या भागात बिबट्याचा वावर आहे. बांधलेला कुत्रा बिबट्याच्या तोंडून सुटत नाही. हे समजायला हिमाचलापर्यंत जायला नको, जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही वस्तीवर विचारा. आपल्याच अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या धिप्पाड कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात, तेही याच भीतीने. तांबीला तीन बाजूंनी उघड्या पडवीत दोरीने बांधून आम्ही आत दार लावून झोपावे, अशी आपली अपेक्षा होती.

केबिनमध्ये ऊबही नव्हती. वर्णनात 'तंदूर' लिहिले होते. तिकडे तंदूर म्हणजे पत्र्याची बंद चूल, तिचा धूर नळीने छपराबाहेर जातो. खोलीत तंदूर नव्हता, होता फक्त विजेचा हीटर. बर्फ सुरू झाल्यावर वीज गेली, तेव्हा मालकांच्या सूचनेप्रमाणे आम्हाला निखाऱ्यांची उघडी शेगडी देऊ करण्यात आली. आम्ही ती घेतली नाही. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा शेगड्यांनी माणसे मरतात. आपल्या नावावर पाहुणे पाठवून त्यांच्या खोलीत ही वस्तू ठेवायला देणे, ही या पत्रातली सर्वांत गंभीर बाब आहे. कुत्र्याचा विषय आपल्याला किरकोळ वाटत असला, तरी निदान एवढ्याची चौकशी तातडीने करा.

रखवालदाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट त्याचे उपकार आहेत. त्याने आम्हाला त्याच्या घरी नेले. लाकूड आणि दगडाचे थर रचून बांधलेले जुने घर, आत खराखुरा तंदूर. त्याच्या आईने तांबीसाठी पोते अंथरले आणि आम्हाला गरम राजमा-भात वाढला. त्या रात्री आम्ही सगळे तिथेच झोपलो. या माणसाला आपण किंवा केबिनच्या मालकांनी कामावरून काढले किंवा त्याचा पगार कापला, तर ते फार वाईट होईल. तसे करू नका.

आता ट्रेकबद्दल. पहिला ट्रेक आपण ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये ठेवला होता, 'तुमच्या लाडक्या श्वानासह' अशा शब्दांत. गुशैनी गावाच्या पुढे पायी जाऊन उद्यानाच्या हद्दीशी पोचल्यावर वनरक्षकाने शांतपणे सांगितले की राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावर नेता येत नाही. त्याचे म्हणणे बरोबरच होते. कुत्र्यांपासून वन्य प्राण्यांना रोग लागतात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूचा मोठा हात होता. हे उद्यान २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे नियम असणारच. उद्यानांच्या सहली विकणाऱ्या कंपनीला ते माहीत नसावेत? की माहीत असूनही कुत्र्याचे पैसे घेतलेत? आम्ही तिथूनच मागे फिरलो.

दुसऱ्या ट्रेकला आपला वाटाड्या आलाच नाही, आणि तो येणार नाही हेही कुणी कळवले नाही.

रखवालदाराचा भाचा आमच्याबरोबर आला, म्हणून तो दिवस वाया गेला नाही. बर्फामुळे गाड्या बंद होत्या. शोजाहून जालोरी जोतपर्यंत (जोत म्हणजे खिंड), म्हणजे सुमारे ३,१२० मीटर उंचीपर्यंत, आम्ही रस्त्यानेच चालत गेलो. तिथून खरसूच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, रानातून सेरोलसर तलावाची वाट आहे. निघण्याआधी तांबीच्या तळव्यांना व्हॅसलिन चोळले, अंगात जाड कोट घातला, साखळी कमरेला बांधली. दर थोड्या वेळाने थांबून तिच्या बोटांमध्ये साचलेले बर्फाचे गोळे काढले आणि तिला कोमट पाणी पाजले. नाहीतर कुत्री बर्फच खात राहतात आणि आतून गारठतात. तिने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला होता. आधी पाय उचलून उचलून टाकत होती, मग एकदम नाक खुपसून धावायला लागली. तलावाकाठी बुढी नागिणीचे देऊळ आहे, लोक तिथे तूप वाहतात. देवळापासून आम्ही तिला दूरच धरून ठेवले आणि थंडी वाढायच्या आत परतलो.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की कुत्र्याला घेऊन बर्फातली सहल नीट करता येते. त्यासाठी रात्री आत निजायला जागा, सुरक्षित ऊब आणि कुत्र्याला परवानगी असलेली वाट एवढे लागते. आपण पैसे या तिन्हींचे घेतलेत आणि दिले यातले एकही नाही. पुढच्या वेळी तिथे एखादे कुटुंब पोचेल, रखवालदार दुसराच असेल, आणि थकलेली माणसे नाइलाजाने कुत्र्याला पडवीत बांधतील किंवा शेगडी आत घेतील. मला त्याची काळजी वाटते.

म्हणून माझ्या मागण्या अशा. तांबीसाठी घेतलेले ३,००० रुपये, केबिनचे संपूर्ण भाडे आणि दोन्ही ट्रेकचे शुल्क परत करावे. त्या केबिनमध्ये धूर बाहेर काढणारा तंदूर बसेपर्यंत तिचे बुकिंग थांबवावे. 'पेट-फ्रेंडली' या शब्दाखाली प्राणी खोलीत राहू शकतो की नाही, हे प्रत्येक जागेपुढे स्पष्ट लिहावे. राष्ट्रीय उद्यानातला ट्रेक श्वानांच्या पॅकेजमधून आजच काढावा. त्या जागी सेरोलसर ठेवता येईल, पण बर्फ असताना जाणकार वाटाड्याशिवाय नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांवरून मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही हीच माहिती देईन.

सोबत : पावती, बुकिंगपूर्वीचा ईमेल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पडवीचा आणि शेगडीचा फोटो.

आपली,
(सही)