कच्च्या रस्त्याचा मार्ग देऊन विम्याचे संरक्षण नाकारल्याबद्दल तक्रार

दि. १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, परदेश सहली

विषय : दक्षिण आफ्रिकेतील स्वतः गाडी चालविण्याच्या सहलीत (दि. २५ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२५) झालेली सेवेतील त्रुटी व कार्डावरून वसूल झालेल्या रकमेची परतफेड

महोदय,

मी धुळे येथे राहते व माध्यमिक शाळेत गेली सव्वीस वर्षे भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुटीत माझे पती, मुलगी व मी अशा तिघांनी आपल्या कंपनीमार्फत केपटाउन ते गकेबरहा (पूर्वीचे पोर्ट एलिझाबेथ) ही किनाऱ्याने जाणारी सहल केली. विमानाची तिकिटे, मुक्काम, भाड्याची गाडी, तिचा विमा आणि दिवसवार मार्गपत्रिका हे सर्व आपल्या कंपनीनेच ठरविले होते व त्याचे पूर्ण पैसे आम्ही ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव कार्यालयात भरले होते. या सहलीत जे घडले त्याबद्दल मी ६ नोव्हेंबर रोजी आपल्याला ई-मेल केला. त्यावर २१ नोव्हेंबरला आलेले चार ओळींचे उत्तर मला मान्य नसल्यामुळे हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मूळ तक्रार एकच आहे. आपण दिलेल्या मार्गपत्रिकेत सहाव्या दिवशी, म्हणजे ३० ऑक्टोबरला, 'औट्सहूर्न येथून स्वतः गाडी चालवत स्वार्टबर्ग घाटमार्गे प्रिन्स अल्बर्ट व परत' असे स्पष्ट छापलेले आहे. त्याच मार्गपत्रिकेच्या पहिल्या पानावर 'गाडीला संपूर्ण विमा, निर्धास्त प्रवास' असेही छापलेले आहे. स्वार्टबर्ग घाटाचा रस्ता डांबरी नाही. आपण आमच्यासाठी निवडलेल्या गाडीच्या भाडेकरारानुसार त्या वर्गातील गाडी कच्च्या रस्त्यावर नेल्यास विम्याचे संरक्षण लागू राहत नाही, आणि टायर, रिम व गाडीचा खालचा भाग तर कोणत्याही रस्त्यावर त्या संरक्षणात येत नाहीत. म्हणजे ज्या रस्त्यावर विमा चालत नाही, त्याच रस्त्यावर आपण आम्हाला विमा आहे असे सांगून पाठविले.

हा घाट कसा आहे ते येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या कार्यालयात तो कोणी पाहिला असेल किंवा नकाशावर तरी नीट तपासला असेल असे मला वाटत नाही. थॉमस बेन या अभियंत्याने कैद्यांच्या श्रमातून बांधलेला हा घाट १८८८ च्या जानेवारीत खुला झाला. त्याचा माथा दीड हजार मीटरपेक्षा उंच आहे आणि कडेच्या भिंती चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेल्या आहेत. उभ्या झालेल्या, वळ्या पडलेल्या खडकांचे जे थर मी दरवर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून समजावते, ते तेथे रस्त्याच्या कडेला हाताने स्पर्श करता येतील इतके जवळ होते. त्या घाटाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. तो आयुष्यात एकदा पाहायलाच हवा. पण तो मुरूम आणि धारदार खडीचा रस्ता आहे, आणि उत्तरेच्या बाजूने प्रिन्स अल्बर्टकडे उतरताना एकामागून एक अशी तीव्र वळणे लागतात की तेथे नेहमीची लहान सेडान नेणे म्हणजे टायर पणाला लावणे आहे. चाळीसगावकडे जाताना कन्नडचा घाट आम्ही वर्षानुवर्षे उतरतो, तोरणमाळचा घाटही मी स्वतः चालवला आहे. त्यामुळे वळणांची भीती आम्हाला नव्हती आणि गाडीचा वेग ताशी तीसच्या वर कधीच गेला नव्हता.

दुपारी साडेबाराच्या सुमारास एका वळणावर उजवीकडचा मागचा टायर बसला. उतरून पाहिले तर टायरच्या बाजूला करंगळी जाईल एवढी आडवी चीर पडलेली होती आणि आतले दोरे बाहेर आले होते. रिमची कड एका ठिकाणी दबली होती, इंजिनाखालचे प्लास्टिकचे कवच एका बाजूने सुटून जमिनीला घासत होते. मोबाईलला रेंज नव्हती. सुमारे पाऊण तासाने मागून आलेल्या एका पिकअप गाडीतील वयस्क शेतकऱ्याने आम्हाला स्टेपनी लावून दिली, सुटलेले कवच तारेने बांधले आणि प्रिन्स अल्बर्टपर्यंत तो आमच्या पुढे हळूहळू गाडी चालवत राहिला. ते गृहस्थ आपल्या बायकोशी आफ्रिकान्समध्ये आणि आमच्याशी जेमतेम इंग्रजीत बोलत होते. घरात अहिराणी व बाहेर मराठी बोलणाऱ्या आम्हा खान्देशी माणसांना ते ओळखीचेच वाटले. बारा अधिकृत भाषा असलेल्या त्या देशात अनोळखी माणसाने आम्हाला जी मदत केली, ती पैसे घेतलेल्या आपल्या कंपनीकडून आम्हाला मिळाली नाही, हे मला दुःखाने नोंदवावे लागते.

प्रिन्स अल्बर्टला रेंज येताच मी मार्गपत्रिकेवरील 'चोवीस तास मदत' या क्रमांकावर सहा वेळा फोन केला. भारतात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत होते, म्हणजे मध्यरात्र नव्हती. फोन कोणीही उचलला नाही. व्हॉट्सॲपवर 'आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क करील' असा ठरावीक संदेश आला आणि प्रतिनिधीचा संपर्क दुसऱ्या दिवशी दुपारी, सर्व काही होऊन गेल्यावर झाला. या फोनांची नोंद माझ्या मोबाईलमध्ये आहे व तिचे चित्र सोबत जोडले आहे.

त्या गावात आमच्या मापाचा टायर मिळाला नाही. बारीक स्टेपनीवर पुन्हा खडीच्या घाटात शिरणे धोक्याचे असल्यामुळे तेथील पेट्रोल पंपावरील माणसाने आम्हाला क्लारस्ट्रूम व मायरिंग्सपूर्ट खिंडीमार्गे जाण्यास सांगितले. हा रस्ता सुमारे ११० किलोमीटरचा, म्हणजे घाटाच्या रस्त्यापेक्षा लांब आहे, पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत उत्तम डांबरी आहे आणि त्याच स्वार्टबर्ग डोंगररांगेला तळातून, नदीच्या काठाकाठाने ओलांडतो. त्या खिंडीतील लालसर कडेही तितकेच भव्य आहेत. स्टेपनीवर हळू चालवत औट्सहूर्नला पोहोचताना माझ्या मनात एकच विचार होता की हा रस्ता मार्गपत्रिकेत का नव्हता. करारात बसणारा, सुरक्षित आणि त्याच गावाला नेणारा रस्ता नकाशावर ठळक रेषेने दाखविलेला असताना आपण आम्हाला दुसरा रस्ता दिला. तो मुद्दाम दिला असे मी म्हणत नाही. कुठल्या तरी जुन्या मार्गपत्रिकेतील मजकूर गाडीचा वर्ग न पाहता आमच्या पत्रिकेत उतरवला गेला असावा, असे मला वाटते.

असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच पत्रिकेत दुसऱ्या दिवशी केप पॉइंट येथे 'हिंदी महासागर व अटलांटिक महासागर यांचा संगम' असे छापले आहे. या दोन महासागरांची मान्य सीमारेषा केप अगुल्हास येथे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावर आहे, आणि ते ठिकाण आपल्याच पत्रिकेत चौथ्या दिवशी नुसते 'फोटोसाठी थांबा' म्हणून दिले आहे. भूगोलाच्या शिक्षिकेला हे खटकणारच, पण मुद्दा माझ्या खटकण्याचा नाही. ज्या पत्रिकेच्या भरवशावर माणूस अनोळखी देशात स्वतः स्टिअरिंग हातात घेतो, ती कोणीतरी जबाबदारीने वाचून दिलेली असली पाहिजे. बसने नेणाऱ्या सहलीत मार्गपत्रिका चुकली तर अनुभवी ड्रायव्हर ती चूक सावरून घेतो. स्वतः गाडी चालविण्याच्या सहलीत तसा सावरणारा कोणीही नसतो.

३१ ऑक्टोबरला गाडी बदलून घेण्यासाठी आम्हाला जॉर्ज विमानतळावरील भाडे कंपनीच्या केंद्रावर बोलाविण्यात आले. सकाळी दहा ते दुपारी साडेतीन हा वेळ तेथे गेला. तेथील कर्मचाऱ्याने करारपत्र काढून सातव्या पानावरील परिच्छेदावर निळ्या पेनाने रेघ ओढली आणि गाडी कोणत्या रस्त्याने आणली असे विचारले. मी खरे ते सांगितले आणि आपली मार्गपत्रिका दाखविली. पत्रिका मराठीत असल्यामुळे त्यातील घाटाचे नाव मीच त्याला वाचून दाखविले. टायर व रिमचे ६,४५० रँड, खालच्या भागाचे ७,३०० रँड आणि प्रशासकीय शुल्क ९५० रँड असे एकूण १४,७०० रँड माझ्या क्रेडिट कार्डावरील अनामत रकमेतून कापले गेले. बँकेच्या विवरणात ही रक्कम ७३,२०० रुपये अशी आली आहे. शिवाय त्या दुपारी नायस्ना येथील खाडीतील बोटफेरी, जिचे तिघांचे ९,६०० रुपये आम्ही आपल्याकडे आधीच भरले होते, ती हुकली.

आपल्या उत्तरात असे म्हटले आहे की भाडेकरार ग्राहक व स्थानिक गाडी कंपनी यांच्यात झालेला असून ग्राहकाने तो वाचून सही केली आहे. मी सही केली हे मी नाकारत नाही. मुंबईहून निघून एक विमान बदलून केपटाउनला उतरल्यावर, मागे रांग उभी असताना, नऊ पानांचा बारीक अक्षरातील इंग्रजी करार समोर आला आणि त्यावर मी सही केली. पण त्या काउंटरपर्यंत मला आणले कोणी, गाडीचा वर्ग कोणी ठरविला, विमा 'संपूर्ण' आहे असे मराठीत कोणी लिहून दिले आणि सहाव्या दिवशीचा रस्ता कोणी आखला, या प्रश्नांचे उत्तर आपल्या चार ओळींत नाही. पैसे आम्ही गाडी कंपनीला दिले नाहीत, आपल्याला दिले. करार काय आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असणे अपेक्षित होते, कारण असे करार करून गाड्या मिळविणे हा आपला व्यवसाय आहे, आमचा नाही.

जळगावच्या कार्यालयात पैसे भरताना मी दोन गोष्टी मुद्दाम विचारल्या होत्या. एक म्हणजे विम्यातून काय वगळले आहे, आणि दुसरी म्हणजे अनामत कोणाच्या कार्डावर लागेल. 'मॅडम, सगळं कव्हर आहे, कार्ड घरातल्या कोणाचंही चालेल,' असे मला सांगण्यात आले. प्रत्यक्षात मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते. माझ्या पतींच्या नावावर क्रेडिट कार्ड नाही. सुदैवाने आपल्याच सूचनेप्रमाणे आम्ही दोघांनीही धुळे आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, म्हणून ऐनवेळी मुख्य चालक म्हणून माझे नाव लावता आले. अन्यथा सहल पहिल्याच दिवशी काउंटरवर संपली असती.

जे चांगले झाले तेही लिहिणे न्यायाचे आहे. मुक्कामाची ठिकाणे स्वच्छ होती, व्हिसाचे काम वेळेत झाले, आणि हर्मानस येथे कड्यावरूनच पाण्यात आई व पिल्लू अशी देवमाशांची जोडी दिसली, तेव्हा माझी मुलगी कितीतरी वेळ एक शब्दही बोलली नाही. डावीकडून चालणारी वाहतूक, पंपावर माणूस येऊन पेट्रोल भरणे, चौकात जो आधी आला त्याने आधी जाणे आणि मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी पिवळ्या रेषेपलीकडे सरकणे, या सर्वांची माहिती आपल्या पुस्तिकेत अचूक होती. म्हणजे काळजीपूर्वक लिहिणारी माणसे आपल्याकडे आहेत. म्हणूनच विम्याच्या आणि रस्त्याच्या बाबतीत झालेला निष्काळजीपणा मला अधिक लागला.

या सहलीसाठी आम्ही तीन वर्षे पैसे बाजूला टाकले होते. शिरपूरकडील शेतीचे उत्पन्न आणि एका पगारावर चालणाऱ्या घरात ७३,२०० रुपये ही किरकोळ रक्कम नाही.

तरी माझी विनंती अशी की, कार्डावरून कापले गेलेले ७३,२०० रुपये आणि हुकलेल्या बोटफेरीचे ९,६०० रुपये, असे एकूण ८२,८०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत माझ्या खात्यात जमा करावेत. मदत क्रमांकावर त्या दिवशी फोन का उचलला गेला नाही याचा लेखी खुलासा द्यावा. तसेच स्वार्टबर्ग घाटाचा मार्ग लहान गाडीच्या सर्व मार्गपत्रिकांमधून काढून तेथे मायरिंग्सपूर्टचा डांबरी रस्ता द्यावा आणि विम्यातून वगळलेल्या गोष्टी पैसे भरण्यापूर्वी मराठीत लिहून देण्याची पद्धत सुरू करावी. आमच्याच ओळखीची अमळनेरची दोन कुटुंबे आपल्याकडे याच सहलीची चौकशी करून आली आहेत, आणि त्यांना आपण दिलेल्या पत्रिकेत आजही तोच घाट छापलेला आहे. या शेवटच्या गोष्टीसाठी कृपया ३० दिवसांची वाट पाहू नये.

मुदतीत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार, तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करता येत असल्यामुळे, मी धुळे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर दाद मागेन. तशी वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आपली,
सहलीची नोंदणीधारक ग्राहक, धुळे

सोबत : मार्गपत्रिकेची पाने १ व ६, भाडेकराराचे पान ७, कार्डाचे विवरण, टायर व रिमची छायाचित्रे, फोन नोंदीचे चित्र, आपले दि. २१ नोव्हेंबरचे उत्तर.