सूचना : बालवर्गाच्या पालकांसाठी (उपवासकाळ)
पालकहो, बुधवारी १८ फेब्रुवारी २०२६ ला राखेचा बुधवार आहे, म्हणजे ईस्टरआधीच्या (रविवार सोडून) चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्याआधी रविवारी, १५ तारखेला, सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वाशीच्या आपल्या चर्चच्या हॉलमध्ये लहानग्यांना उपवासकाळ समजावून सांगणार आहोत. एका पालकाने सोबत थांबावे.

• क्रूसामागे खोचलेली गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरआधीच्या रविवारची) वाळकी झावळी मुलाच्याच हातात द्या. राखेच्या बुधवारी तिचीच राख कपाळावर लागते, हे त्याला डोळ्यांनी पाहू दे.
• “देव शिक्षा करेल” असे कृपया सांगू नका. ताईला ढकलले तर जाऊन तिला जवळ घ्यायचे, हिसकावलेली गाडी परत द्यायची. या वयाला एवढा पश्चात्ताप पुरे.
• मुलांना उपाशी ठेवू नका.
• चाळीस घरांचा तक्ता देऊ. रोज एक घर रंगवायचे, रविवार मोजायचे नाहीत.