पानाच्या सुरळीतला कोळी राहून गेला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातील कोळ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फनेल-वेब आणि रेडबॅक यांच्या विषातच तो संपला, याचे वाईट वाटले. विषाची माहिती द्यायलाच हवी. पण फनेल-वेबवर १९८१ मध्ये प्रतिविष आले आणि तेव्हापासून त्या दंशाने कुणी दगावल्याची नोंद नाही, हेही सांगायला हवे होते. शिवाय तिथल्या बागांत सहज आढळणारा, माणसाला जवळजवळ निरुपद्रवी असलेला फोनोग्नाथा गटातला कोळी लेखात कुठेच नाही.

चक्राकार जाळे विणणाऱ्यांपैकीच हा एक. फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमाँ यांनी १८९४ मध्ये या गटाला हे नाव दिले. यातल्या ग्राफेई जातीची मादी जेमतेम ८ मिलिमीटरची, पण तिची कारागिरी पाहावी! जमिनीवरचे वाळके पान ती धाग्याने वर ओढते, जाळ्याच्या मध्याशी टांगते, धागे ताणून त्याची सुरळी करते आणि कडा शिवून टाकते. वरचे तोंड बंद, खालचे उघडे. ती आत बसते. बाहेर दिसतात फक्त पायांची टोके, धाग्यांवर टेकलेली. किडा अडकला की थरथर पायांना कळते, ती झपकन बाहेर येते. जाळ्यावर उघड्याने बसणारा कोळी पक्ष्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या तावडीत सापडतो. इथे त्यांना दिसते ते नुसते वाळके पान. कधी पानाऐवजी गोगलगायीचा रिकामा शंखही चालतो.

मादी नराला खाते, एवढेच कोळ्यांबद्दल ऐकलेल्यांना आश्चर्य वाटेल, पण या जातीत नर-मादी एकाच सुरळीच्या वेगवेगळ्या भागांत राहताना आढळतात. अंड्यांसाठी मात्र मादी दुसरे पान वळते, जाळ्यापासून दूर, झाडीत. पिल्ले सुरुवातीला लहानसे हिरवे पान वाकवून त्यात राहतात, पुढे स्वतःची सुरळी करतात.

या कोळ्यावर छायाचित्रांसह स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांनी बाग साफ करताना अधांतरी लटकणारे पान ओढून काढण्याआधी त्याच्या खालच्या तोंडाशी पाय दिसतात का, ते जरूर पाहावे. झाडीतली वळलेली पानेही सरसकट खुडू नयेत. त्यात अंडी असू शकतात.

आपला,
एक नियमित वाचक