वीज पडण्याआधीचा अर्धा तास: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: विजेचा इशारा शेतातल्या मजुरांपर्यंत पोहोचवण्याबाबत

मंत्रिमहोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येणार आहात. त्या दिवसांत आभाळ निरभ्र असते आणि विजेचा विषय कुणाच्या मनातही येत नाही. पण मृगाच्या पहिल्या पावसात माणसे वाचवायची असतील तर तयारीचे महिने हेच आहेत, म्हणून आताच लिहीत आहे.

तंत्रज्ञानामुळे माणसाचे उद्याचे जगणे अधिक सुरक्षित होईल, यावर माझा ठाम विश्वास आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये फायलिन वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या काळात उपग्रह आणि अंदाज सुधारले होतेच, पण अंदाज हाती येताच लाखो लोकांना निवाऱ्यात हलवणारी यंत्रणाही गावोगाव उभी राहिली होती. विजेच्या बाबतीत यातला पहिला भाग आपल्याकडे बराचसा तयार आहे, दुसरा मात्र अजून व्हायचा आहे.

देशात २०२२ साली वीज पडून २,८८७ माणसे गेली. वीज जमिनीवर कोसळण्याच्या आधी बहुतेक वेळा ढगांच्या पोटात विजा चमकू लागतात आणि त्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी संवेदकांना टिपता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने असे जाळे देशभर उभारून ‘दामिनी’ हे ॲप तयार केले, आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे डॉप्लर रडारही आहे. अर्धा तास आधी धोका ओळखणे आता शास्त्रज्ञांच्या आवाक्यात आले आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता जूनमधली एखादी दुपार डोळ्यांसमोर आणावी. उमरेड-भिवापूरकडे सरकी टोबणे, म्हणजे कपाशीचे बी हाताने लावणे, चालू आहे. बाया रांगेने वाकलेल्या आहेत. फोन धुऱ्यावर, डब्याच्या पिशवीत आहे, आणि तोही बटणांचा. आभाळ काळवंडले की सगळ्या जवळच्या झाडाखाली धावतात, कारण रानात दुसरा आडोसाच नसतो, आणि उंच एकटे झाड हीच त्या क्षणी सर्वांत घातक जागा असते. ॲप डाउनलोड करा, हे आवाहन त्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

यावरही तंत्र आहेच. सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत एका टॉवरच्या टापूतल्या सर्व फोनवर एकाच वेळी संदेश जातो. त्याला इंटरनेट लागत नाही की कुणाचा नंबर लागत नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते. मात्र जुन्या साध्या फोनवर ही सोय असेलच असे नाही, आणि पिशवीतला फोन ऐकू येईलच असेही नाही. म्हणून त्याच इशाऱ्यावर ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला पाहिजे, आणि तो वाजवण्याची जबाबदारी कोतवाल किंवा पोलीस पाटील यांच्यावर लेखी सोपवलेली असली पाहिजे. संदेश मराठीत आणि तीनच छोट्या वाक्यांचा असावा: वीज पडण्याचा धोका आहे, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. जिथे गाव शिवारापासून लांब आहे, तिथे रोजगार हमीतून वीजरोधक बसवलेला पक्का निवारा बांधता येईल का, हेही आपल्या विभागाने तपासावे. मृत्यूनंतर वारसांना मदत देण्याची पद्धत राज्यात आहे आणि ती राहावीच, पण त्या मदतीने घरातले माणूस परत येत नाही.

हे काम नागपूर जिल्ह्यापासून सुरू करावे, ही विनंती आहे. हवामान केंद्र इथेच आहे, आणि कापूस, धान, संत्रा अशी तिन्ही प्रकारची शिवारेही याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे इशारा कुठे पोहोचतो आणि कुठे अडतो हे एका हंगामात कळेल. याच अधिवेशनात सभागृहात तशी घोषणा व्हावी आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात भोंग्याची एक तरी चाचणी घेतली जावी.

आपला,
एक नागपूरकर