पेट्रोलपंपाच्या जागेवर टॉवर उभारण्याआधी जमिनीखाली पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागेला सोन्याचा भाव आल्यापासून मुंबईतल्या काही जुन्या पेट्रोलपंपांच्या जागी टॉवर उभे राहू लागले आहेत. पंप बंद होतो, भोवती पत्रे लागतात, क्रेनने टाक्या उचलून नेतात आणि तळघराचे खोदकाम सुरू होते. ज्या जमिनीत वर्षानुवर्षे लोखंडी टाक्या पुरलेल्या होत्या, तिच्यात काय मुरले आहे हे तपासल्याशिवाय खोदकामाला परवानगी देऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मी भूजलाच्या क्षेत्रात काम केले आहे. आमच्या भागात अशाच एका खोदकामानंतर शेजारच्या सोसायटीच्या विहिरीला रॉकेलसारखा वास येऊ लागला. रहिवाशांनी पाणी तपासायला दिले, अहवाल चांगला आला आणि विषय मिटला. वास मात्र गेला नाही. तो अहवाल खोटा होता असे मी म्हणत नाही. नमुना चुकीच्या ठिकाणचा होता. पेट्रोल-डिझेल पाण्याहून हलके असते, रश्श्यावर तर्री तरंगावी तसे ते पाण्यावर पसरते. सोसायटीच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचे खालचे तोंड, विहिरीच्या तळाजवळ. नळाखाली भरलेल्या बाटलीत वरचा तवंग येणार कसा? शिवाय बेन्झीन, टोल्युइन ही पेट्रोलमधली द्रव्ये उघड्या बाटलीतून पाहता पाहता उडून जातात. त्यांच्यासाठी काठोकाठ भरलेली, हवेचा बुडबुडाही नसलेली छोटी काचेची बाटली लागते आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावी लागते.

खरी तपासणी निरीक्षण विहिरींनीच, म्हणजे भूजल तपासण्यासाठी खणलेल्या अरुंद विहिरींनीच होते. दोन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप, त्याच्या खालच्या भागाला बारीक चिरा, भोवती धुतलेली वाळू, त्यावर पाणी अडवणाऱ्या बेंटोनाइट मातीचा थर आणि सिमेंट, तोंडाला कुलूपबंद झाकण. बेंटोनाइटच्या कामात कुचराई झाली तर वरची घाण याच पाइपाच्या कडेने खाली उतरते आणि तपासायला खणलेली विहीरच प्रदूषणाची वाट होते. चिरा पाणीपातळीच्या वर आणि खाली अशा दोन्हीकडे हव्यात. मुंबईत पावसाळ्यात पाणी वर चढते, वैशाखात खाली जाते. चिरांचा पट्टा दोन्ही पातळ्यांना पुरला नाही तर तवंग पाइपाबाहेरच राहतो.

एका विहिरीने भागत नाही. पाणी कुठून कुठे वाहते हे कळायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात, त्यातली एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, तुलनेसाठी. खाडीजवळ पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते, म्हणून सगळ्या विहिरींची मोजणी एकाच वेळी करावी लागते. त्यात आपल्याकडचा बेसॉल्ट, म्हणजे काळा खडक. त्यात पाणी भेगांमधून पळते, त्यामुळे पंपाला खेटून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन इमारती सोडून तिसरी दूषित, असेही होऊ शकते. आणि श्रावणात घेतलेल्या एका नमुन्यावर कोणी निर्वाळा देत असेल तर तो मानू नका. पाणी चढले की तवंग मातीच्या कणांत अडकून विहिरीतून दिसेनासा होतो, उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा दिसतो.

थोड्याशा गळतीने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. आपल्या बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेन्झीन चालते, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम. बेन्झीनने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. भागाकार केला तर एक लिटर पेट्रोलमधले बेन्झीन साडेआठ लाख लिटरहून अधिक पाणी बाद करायला पुरते, दहा हजार लिटरचे ८५ टँकर. पंपावर रोज डिप घेतात, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून इंधनाची पातळी मोजतात खरी, पण बाष्पीभवन आणि उष्णतेने होणारी वाढघट यांच्या हिशेबात बारीक गळती वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

तळघर खोदताना भोवतालचे पाणी रात्रंदिवस उपसतात. पाणी त्या खड्ड्याकडे ओढले जाते, आजवर जागच्या जागी असलेले इंधनही त्याच्याबरोबर हलते आणि उपसा तपासला नाही तर पर्जन्यवाहिनीतून थेट खाडीत जाते. विहिरीचे पाणी आम्ही फक्त फ्लशला वापरतो, हे समाधानही पुरेसे नाही. पालिकेचा पुरवठा ठरावीक वेळीच असतो. नळ बंद असताना जुन्या वाहिन्या फटींमधून आजूबाजूचे पाणी आत ओढू शकतात. मातीतली वाफ तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरते ती वेगळीच.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, असे त्यात आहे. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांनी बंद पंपांच्या जागा तक्रारीची वाट न पाहता या यादीत घालाव्यात. महापालिकेने अशा भूखंडांना सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) देण्याआधी निरीक्षण विहिरींचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही अहवाल मागावेत आणि ते संकेतस्थळावर टाकावेत. खर्च ज्यांच्या टाक्या होत्या त्यांनी करावा. तळघराचा उपसा संपेपर्यंत या विहिरी बुजवू नयेत आणि उपसा थांबल्यावरही निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजणी चालू ठेवावी.

आपली,
एक वाचक, मुलुंड, मुंबई