टॉवेल कुणाच्या हातात

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

व्यावसायिक बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरायचं ठरवल्याचं तू परवा फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. बाबांना पटलेलं नाही असं तुला वाटलं असेल. तसं नाही. जे सांगायचं होतं ते फोनवर बोलता आलं नसतं.

आजवर तू तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड लढत आलास. नऊ मिनिटांत दम राखून ठेवायला कुणाला सवड असते? पहिल्या घंटेपासून गुण वेचायचे. आता सुरुवातीला चार राऊंड, मग सहा, आठ, आणि मोठ्या किताबासाठी बारा. तिथला मुरलेला माणूस आधी तुझ्या बरगड्यांखाली मारत राहील. ते ठोसे तेव्हा किरकोळ वाटतात, आठव्या-नवव्या राऊंडला पाय जड झाले की कळतं. वासिल लोमाचेन्को 2008 आणि 2012 ची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आला, आणि 2014 मध्ये दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत ऑर्लान्डो सालिडोकडून हरला. सालिडोच्या गाठीशी पन्नासहून जास्त लढती होत्या. शरीरावर मारत, अंगाला अंग भिडवत त्याने गुणांवर लढत काढली. तीन महिन्यांनी लोमाचेन्को जगज्जेता झाला ही गोष्ट वेगळी, पण ती लढत तू एकदा शांतपणे बघ.

वजनाचंही तसंच. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. इथे वजन आदल्या दिवशी होतं, आणि रात्रीतून माणूस कितीतरी किलो परत भरून येतो. काट्यावर तुझ्याएवढा दिसलेला गडी रिंगमध्ये तुझ्याएवढा असेलच असं नाही.

घाई मात्र करू नकोस. पीट रॅडमाकर 1956 चा ऑलिंपिक विजेता. 1957 मध्ये त्याने पहिलीच व्यावसायिक लढत थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनशी घेतली. दुसऱ्या राऊंडमध्ये पॅटरसनला खालीही पाडलं त्याने! सहाव्यात स्वतः संपला. लढती ठरवणारा प्रवर्तक तुला लवकर मोठी लढत देऊ करेल तेव्हा हे आठव. करारातलं कलम न कलम वाच. मानधनातून कोण किती टक्के कापणार, ते आधी कागदावर येऊ दे.

आता खरं बोलायचं ते. मी तुझ्या कॉर्नरमध्ये, म्हणजे लढत हाताबाहेर गेली की टॉवेल टाकून ती थांबवणाऱ्याच्या जागी, उभा राहणार नाही.

ज्युनिअरच्या त्या उपांत्य लढतीत रेफ्रीने तुला आठ आकडे मोजले, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तुझी नजर ठिकाणावर नव्हती, आणि मला ते दिसलं होतं. तरी मी ओरडलो, 'लढ!' तू लढलास, जिंकलास, सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. त्या रात्री तू तीनदा ओकलास आणि मी पहाटेपर्यंत तुझ्या उशाशी बसून होतो. हे मी तुझ्या आईलाही पूर्ण सांगितलेलं नाही. मला विजय हवा होता, बाळा, तुझ्यापेक्षाही जास्त. असा माणूस कॉर्नरमध्ये नको.

1975 मध्ये मनिलाला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर चौदा राऊंड लढले. फ्रेझरचे डोळे सुजून मिटत आले होते, येणारे ठोसे त्याला दिसत नव्हते. त्याला पुढे लढायचंच होतं. शेवटचा एक राऊंड उरला असताना त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. रिंगमध्ये जीव गेलेले बॉक्सर त्यांनी पाहिले होते. 1982 मध्ये कोरियाचा बॉक्सर किम दुक-कू चौदाव्या राऊंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतरच जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा राऊंडवर येऊ लागल्या. व्यावसायिक रिंगमध्ये डोक्यावर हेडगार्ड नसतं, आणि तू वेल्टरवेट वजनगटातच राहिलास तर ग्लोव्हही आतापेक्षा हलके, 8 औंसांचे. जिममध्येसुद्धा डोकं दुखत असेल त्या दिवशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, नाही, कुणी कितीही भरीस घालो.

तू ज्यांच्याकडे जायचं म्हणतोस त्या प्रशिक्षकांचं नाव चांगलं आहे. सही करण्याआधी त्यांची माझी एकदा भेट घालून दे. आजवर किती वेळा स्वतःच्या तालमीतल्या पोराची लढत थांबवली, एवढंच मला त्यांना विचारायचं आहे.

तुझे,
बाबा